शेर गेला, सव्वाशेर राहिला

जुन्या वस्तूंच्या आठवणी हा मराठी ललित लेखनातील एक हुकमी विषय आहे. तांब्याचा बंब, घंगाळ, फिरकीचा तांब्या, वळकटी, फडताळ, कोनाड्यातली चिमणी, दाराशी येऊन हाळी देणारा कल्हईवाला, यांची नुसती नावे ओळीने मांडली तरी एका विशिष्ट वयाचा वाचक हळवा होतो. या स्मरणरंजनाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांलाही ते सुटलेले नाही. परंतु मराठी शिकवण्याचे काम पत्करल्यापासून या हळवेपणाची दुसरी बाजू रोज समोर येते. ज्यांनी वस्तू पाहिली त्यांना ती आठवते. ज्यांनी पाहिलीच नाही त्यांच्या वाट्याला केवळ तिचा शब्द येतो. तो शब्द म्हणीत, ओवीत, कथेत, वर्तमानपत्राच्या मथळ्यातसुद्धा अजून चालता-बोलता असतो. मालक परागंदा झालेल्या घरात दिवा तेवत राहावा तशी ही अवस्था. अशा शब्दांचे काय करावे, हा प्रश्न आम्हांला वस्तूंच्या आठवणींहून अधिक निकडीचा वाटतो.

वस्तूंचे जाणे एकाच तऱ्हेचे नसते. काही वस्तू हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता जातात. काही कायद्याने जातात. काही यंत्रामुळे जातात. काहींचा तारीखवार शेवट होतो. त्यांचे भाषेत उरणेही तितकेच निरनिराळे असते. घटिकापात्र, शेर-आणा, जाते आणि तार ही चार उदाहरणे घेऊन आम्ही एक गोष्ट मांडू इच्छितो. वस्तूचे रूप फारसे हरवत नाही. ते चित्रात, संग्रहालयात सापडते. हरवते ते तिच्यामागचे मोजमाप आणि तिला लागणारे हात. त्या हातांची चौकशी न करता केलेली हळहळ अपुरी असते, आणि साहित्याचे वाचनही तितकेच अपुरे राहते.

घटकेपासून प्रारंभ करू. ‘औट घटकेचा राजा’ हा वाक्प्रचार वर्गात निघाला की ‘औट’ हा क्रिकेटमधला ‘आऊट’ असावा असे काही विद्यार्थी धरून चालतात. गंमत अशी की अर्थ जवळजवळ बरोबर लागतो. राजा लवकरच बाद होणार, एवढे कळते. पण औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ प्राकृतातून झिजत झिजत मराठीत आला आणि औट झाला. संतांच्या लेखनात देह औट हातांचा असतो, ओंकाराच्या मात्राही औटच असतात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्याबरोबर औटकीही पाठ करून घेत. आता घटका म्हणजे २४ मिनिटे. तेव्हा औट घटका म्हणजे ८४ मिनिटे. एखाद्याच्या राज्याची मुदत इतकी नेमकी सांगणारा हा वाक्प्रचार आज ‘थोडा वेळ’ एवढ्या ढोबळ अर्थावर येऊन थांबला आहे.

घटका मोजण्याची रीत साधी होती. घंगाळात पाणी भरायचे आणि बुडाशी बारीक छिद्र असलेली वाटी त्यावर सोडायची. छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे, वाटी काठोकाठ भरे आणि त्याच क्षणी बुडे. ती बुडाली की एक घटका झाली. वाटी उचलून रिकामी करायची आणि पुन्हा सोडायची. अहोरात्रीच्या अशा ६० घटका, घटकेची ६० पळे. म्हणजे पळ २४ सेकंदांचे. ‘पळभर थांब’ असे म्हणणाऱ्याने पूर्वी मागितलेला वेळ मोजता येण्याजोगा होता. ‘त्याची घटका भरली’ या शब्दप्रयोगातले भरणे कोणते, हे त्या वाटीकडे पाहिल्याखेरीज कळत नाही. भरणे आणि बुडणे या दोन क्रिया येथे एकच आहेत. मृत्यूविषयीची ही कल्पना कोणा कवीने बसून रचलेली नाही. मुहूर्तासाठी पाण्याजवळ बसून राहणाऱ्या, वाटीवरून नजर न हलवणाऱ्या माणसाच्या कंटाळवाण्या कामातून ती निघाली आहे.

घड्याळ आले आणि घटिकापात्र लग्नमंडपापुरते उरले. त्यासाठी कोणी भांडले नाही. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईत मात्र चांगलाच विरोध झाला, आणि प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. पण ते भांडण मिनिटांचे होते; घटका त्यात कोठेच नव्हती. ती तोवर भाषेत राहावयास गेली होती. आजही एखादा सहकारी कारखाना डबघाईला आला की तो ‘शेवटच्या घटका मोजत’ असल्याचे बातमीत वाचावयास मिळते, आणि घटका म्हणजे किती, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही.

घटका अशी मुकाट्याने गेली. शेर आणि आणा यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना कायद्याने निरोप दिला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. आता रुपयाचे १०० ‘नवे पैसे’ झाले आणि १९६४ मध्ये त्यांचे ‘नवे’पण गळून नुसते पैसे राहिले. वजनमापांचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि १९६२ पासून व्यवहारात किलो-लिटर सक्तीचे झाले. शेर, मापटे, चिपटे, अधोली, पायली, मण, खंडी ही सारी मंडळी पाच-सहा वर्षांत कायद्याच्या दृष्टीने बेवारस ठरली.

पण ती भाषेतून हलली नाहीत. शेराला सव्वाशेर भेटतच राहिला. एखादी गोष्ट ‘सोळा आणे’ खरी असते, पुढारी ‘पायलीचे पन्नास’ मिळतात, ‘पै-पै’ जमवून घर बांधले जाते, ‘छटाकभर’ माणूस मोठ्याने बोलतो. ‘पायलीची सामसूम, चिपट्याची धामधूम’ ही म्हण तर हिशेबच आहे. पायलीचे शेर चार, शेराची मापटी दोन, मापट्याची चिपटी दोन. म्हणजे पायलीत १६ चिपटी. गाजावाजा करणारा आणि गप्प राहणारा यांच्यातले अंतर १ ला १६ असे आहे, हे म्हण रचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही बोटावर ठाऊक होते. तळटीपेत ‘चिपटे: धान्य मोजण्याचे एक लहान माप’ एवढेच लिहिले की म्हणीतला विनोद निघून जातो.

पायलीची चिपटी सोळा आणि रुपयाचे आणेही सोळा, याचाही विचार केला पाहिजे. सोळा ही निम्मे करण्याची संख्या आहे. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. अर्धा, पाव, अदपाव करत जाण्यास कागद लागत नाही, अक्षरओळख लागत नाही. राशीचे दोन समान ढीग डोळ्यांनी पाडता येतात. भावाभावांची वाटणी, निम्म्या वाट्याने केलेली शेती, शेजारणीकडून उसने आणलेले पीठ, हा सगळा व्यवहार निम्म्या-निम्म्याने चालणारा होता. शंभराचे असे करू गेल्यास ५० आणि २५ नंतर अडखळायला होते. दशमान पद्धत शास्त्रशुद्ध आहे यात शंका नाही, परंतु तिच्याबरोबर हिशेबाचे स्थान हातातून कागदावर गेले, हेही खरे.

येथवर आल्यावर हळहळण्याचा मोह होतो. पण तो आवरण्यासाठी भाषेनेच एक शब्दप्रयोग राखून ठेवला आहे: ‘मापात पाप’. शेर सर्वत्र सारखा नव्हता. गावागणिक आणि जिनसागणिक तो बदले. शिगोशीग भरायचे की सपाट, यावरही मोजणाऱ्याचा अधिकार चाले. घेण्याचे माप मोठे आणि देण्याचे माप लहान ठेवता येत होते. ज्याच्या हाती माप असे तो आणि ज्याच्या खळ्यातून धान्य जाई तो, हे दोघे समान नव्हते. सगळीकडे एकच असणारा, शिक्का मारलेला किलो हा गरीब गिऱ्हाइकाच्या आणि शेतकऱ्याच्या बाजूने पडलेला कौल होता. शेराची आठवण काढणाऱ्याने ‘सव्वाशेर’ बरोबर ‘मापात पाप’ही शिकवले पाहिजे. दोन्ही त्याच मापाची अपत्ये आहेत.

आणि मेलेले नाणे किती काळ राज्य करू शकते याचे उदाहरण साहित्यात शोधण्याचीही गरज नाही. पीक किती आले याचा सरकारी अंदाज पूर्वी रुपयातील आण्यांच्या हिशेबाने होई. त्याला आणेवारी म्हणत. आणे गेल्यावर कागदोपत्री तिची ‘पैसेवारी’ झाली. ५० पैशांहून कमी पैसेवारी म्हणजे टंचाई, हा निकष दशकानुदशके चालला. हजारो गावांची शेतसाऱ्याची सूट आणि मुलांची परीक्षा शुल्कमाफी त्यावर ठरत आली. खेड्यातला माणूस मात्र आजही ‘आमच्या गावची आणेवारी किती लागली?’ असेच विचारतो. आणा गेला, २५ पैशांचे नाणेही ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले. दुष्काळाची भाषा तरी अजून आण्यांतच आहे.

ज्याच्या हाती माप होते त्याच्याकडून आता जिच्या हाती खुंटा होता तिच्याकडे वळू. मापाने मोजलेले धान्य शेवटी जात्यात पडे. जात्याशी मराठी साहित्याचा संबंध एखाद्या म्हणीपुरता नाही, तो पायाशी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरी इ. स. १२९० ची. म्हणजे मराठीतील थोर तत्त्वग्रंथाने जो छंद स्वीकारला तो त्याच्या दीडशे वर्षे आधी धान्य सडणाऱ्या-कांडणाऱ्या बायांच्या तोंडी होता. ग्रांथिक ओवीला आपण साडेतीन चरणी म्हणतो. ती गणना आपण फळ्यावर लिहितो. पण मुळात ही लय हाताची आहे. मुसळ वर जाते आणि खाली येते. जात्याचा खुंटा एकीने ओढायचा, समोरचीने पुढे सारायचा, मोकळ्या हाताने मूठ मूठ दाणे वैरायचे. श्वास जेवढा पुरेल तेवढाच चरण लांबतो. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल दळू लागतो तो याच कामात. आणि खानदेशात जात्याला घरोटा म्हणतात हे आपल्याला बहिणाबाई चौधरींच्या कवितेने शिकवले.

जात्याचा शेवट पिठाच्या गिरणीने केला. प्रथम तेलावरच्या इंजिनाची, मग विजेची गिरणी गावोगाव आली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पहाटेची घरघर थांबत गेली. त्याबरोबर जाती टाकवून देणाऱ्या टकाऱ्यांचे, वडारांचे, पाथरवटांचे कामही गेले. जाते उचलून परसात ठेवले गेले. कोठे त्याच्या पाळ्यांची पायरी झाली. लग्नात हळद दळण्यापुरते ते पुन्हा मांडले जाते, तेवढ्यापुरता त्याला कुंकवाचा मान मिळतो.

याबद्दल काय वाटून घ्यावे? जात्यावरच्या ओव्यांविषयी लिहिताना आपण अभ्यासक मंडळी फार सहज गहिवरतो. ती पहाट, तो दिवा, ते माहेर! पण पहाट ही काव्यासाठी निवडलेली नव्हती. दिवसभराच्या कामाला हात लागण्याआधी घरादाराचे दळण उरकावे लागे, म्हणून ती पहाट. तळहाताला घट्टे पडत. बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या बाईलाही ते चुकत नसे. गिरणी आली तेव्हा ज्या बायकांनी डोक्यावरून दळणाचा डबा नेला त्यांना कोणती गोष्ट संपली हे नेमके ठाऊक होते, आणि पुन्हा खुंटा धरण्याची इच्छा त्यांच्यापैकी फारशा कोणी धरली असेल असे आम्हांला वाटत नाही.

आणि तरीही एक गोष्ट खरोखर हरवली. जात्यापाशी बसलेल्या बाईला जे बोलता येई ते तिला दिवसभरात अन्यत्र कोठेही बोलता येत नसे. सासरचा जाच, भावाची वाट, लेकीच्या जन्माचे दुःख, पंढरीची ओढ, हे सारे त्या घरघरीच्या आडोशाने बोलले जाई. जात्याच्या आवाजात ऐकणाऱ्याला ऐकू न आल्याचे सोंग करता येई आणि बोलणाऱ्या बाईला आपण केवळ गात आहोत असे म्हणता येई. कष्ट आणि वाणी एकाच खुंट्याला बांधलेली होती. यंत्राने कष्ट सोडवले, पण त्या वाणीसाठी दुसरी जागा कोणी करून दिली नाही.

ही जागा नाहीशी होत असतानाच काहींनी तिची नोंद घेतली. साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे संकलन आयुष्यभराचे काम मानले. पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेतून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभे केलेले संकलन तर विस्मित करणारे आहे: हजाराहून अधिक गावे, एक लाखाहून अधिक ओव्या. त्यांतील गाण्यांचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ती सर्वांसाठी खुली करण्यास आरंभ केला. त्या संग्रहात माहेर आणि पंढरी आहेतच. पण दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही मोठ्या संख्येने आहेत. जाते म्हणजे जुन्या, सोशिक, न बदलणाऱ्या खेड्याचे चिन्ह, ही आपली समजूत त्या ओव्या ऐकल्यावर टिकत नाही. विसाव्या शतकाचे राजकारणही त्याच खुंट्यापाशी गायले जात होते.

चौथी वस्तू तार. तिचा शेवट तारीखवार सांगता येतो. १४ जुलै २०१३ च्या रात्री भारतातील सार्वजनिक तारसेवा बंद झाली. १८५० च्या दशकात सुरू झालेली ही सेवा दीडशेहून अधिक वर्षे चालली. येथे वस्तू म्हणजे पोस्टमनने दारात आणून दिलेला एक कागद, पण त्याचा धाक असा की ‘तार आली’ हे शब्द ऐकताच, ती उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मजकूर हाडापर्यंत तासलेला असे: क्रियापद, नाते, निघा. पाल्हाळाची सवय असलेल्या आपल्या समाजाला संक्षेपाची शिस्त लावणारे ते एक सक्तीचे विद्यालयच होते.

तारेचे जाणे साहित्याच्या शिक्षकाला निराळ्या ठिकाणी गाठते. घटका, शेर, जाते हे शब्द अडतात. तारेच्या बाबतीत कथानकच अडते. तार उशिरा पोचली म्हणून अखेरची भेट चुकली, तार आली म्हणून मुलगा रात्रीच्या गाडीने निघाला आणि वाटेत त्याला काय झाले असेल हे माहीत नव्हते, अशा प्रसंगांवर जुन्या कथांचा डोलारा उभा असतो. आजचा विद्यार्थी निरागसपणे विचारतो, ‘पण सर, त्यांनी विचारून का नाही घेतले?’ बातमी आणि तिची खातरजमा यांच्यामध्ये एक संपूर्ण रात्र असू शकत होती आणि त्या रात्रीत माणसाचे मन काय काय करत असे, हे त्याच्या अनुभवाबाहेरचे आहे. येथे तळटीप उपयोगी नाही. ती रात्रच शिकवावी लागते.

मग शिकवणाऱ्याने करावे काय? मोल्सवर्थचा कोश आहे, दाते-कर्व्यांचा १९३२ ते १९३८ या काळात निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, त्र्यंबक नारायण आत्र्यांचा १९१५ चा ‘गावगाडा’ आहे. अर्थ सापडतात. वस्तूही सापडतात. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर कवितेकडून वस्तूंकडे वळले आणि दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी गोळा करत त्यांनी पुण्यात राजा केळकर संग्रहालय उभारले. १९७५ मध्ये ते शासनाच्या स्वाधीन केले. एका मराठी कवीला आपल्या भाषेतल्या वस्तू जपाव्याशा वाटल्या, ही आमच्या दृष्टीने वाङ्मयीन इतिहासातील महत्त्वाची घटना आहे. तरीही काचेमागच्या दिव्याला तेल कोण घाली, काजळी कोण पुशी, हे काच सांगत नाही. ते म्हण, ओवी आणि कथा सांगतात, पण विचारणाऱ्यालाच.

म्हणून विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ देताना आम्ही आता दोन प्रश्न जोडून देतो. ही वस्तू किती होती, म्हणजे तिचे माप काय? आणि ती कोणाच्या हातात होती? पहिल्या प्रश्नाने औट घटकेची ८४ मिनिटे होतात आणि चिपट्याची धामधूम ऐकू येते. दुसऱ्या प्रश्नाने ‘मापात पाप’ दिसते आणि ओवीतल्या माहेराला घट्टे पडलेला तळहात मिळतो. हे दोन प्रश्न विचारले की हळहळ नाहीशी होते असे नाही. ती नेमक्या ठिकाणी होऊ लागते. जाते गेले याचे दुःख मानण्याचे कारण नाही. जात्यापाशी जे बोलले जात होते ते आता कोठे बोलले जाते, आणि ते ऐकण्यासाठी आपण कोठे बसावे, ही चिंता मात्र मराठीच्या प्रत्येक वर्गाने करावी अशी आहे.